‘बेळगाव’चं ‘बेभगाव’ होतंय? स्वस्त ब्रेल डिस्प्लेवर अक्षरं चुकत असतील तर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा झालं. फोन-कॉम्प्युटरवरचं मी ब्रेल डिस्प्लेवर वाचते, म्हणजे मजकुराची ब्रेल टिंबं बोटाखाली उठवून दाखवणाऱ्या यंत्रावर. बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज आला, पहिलाच शब्द ‘बेळगाव’, आणि माझ्या बोटाखाली आलं ‘बेभगाव’. टाइप करणारीची चूक असेल म्हणून पुढं गेले. दुसरा मेसेज मेळाव्याचा होता, तिथं ‘मेभावा’. तिसऱ्यात ‘शाळा’ची ‘शाभा’. संध्याकाळी सुळग्याच्या मावशींचा निरोप आला तर त्यांचं गावच ‘सुभगा’ झालेलं.

आमच्या सीमाभागात ळ चुकला तर काय उरतं? बेळगाव, सुळगा, बाळेकुंद्री, सुळेभावी. मी ठरवूनच टाकलं की या यंत्राला मराठीचा ळ येत नाही. स्वस्तातलं घेतलंय, मराठीकडं कोण लक्ष देणार, असंही मनात येऊन गेलं. मग बारा दिवस सेटिंग बदलत बसले. मराठीचं टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली टिंबं ते ठरवणारा तक्ता, काढून हिंदीचं लावलं, पुन्हा मराठी, पडद्यावरचं वाचून देणारा स्क्रीन रीडर काढून परत टाकला. ळ काही सुधारेना.

वाट दाखवली ती ‘येळ्ळूर’नं. भाचीनं कळवलं, ‘येळ्ळूरला जाऊन येते गं अक्का’. आणि हे येळ्ळूर माझ्या बोटाखाली अगदी स्वच्छ आलं, दोन्ही ळ जागच्या जागी. ज्या यंत्राला ळ येत नाही त्याला एका शब्दात दोन ळ कसे आले?

तिथून पुढं जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण त्यानंतर निपाणी, खानापूर आणि खुद्द शहरातल्याही ओळखीच्या लोकांकडून हीच तक्रार वेगवेगळ्या रूपात ऐकली. कुणाचं अक्षर बदलतं, कुणाचा आकडा, कुणाकडं सगळी ओळच भलतीच येते. प्रत्येकाला वाटतं यंत्र बिघडलं. कधी बिघडलेलं असतं, कधी नसतं. आधी ते ओळखायला शिकायचं.

चूक अक्षराबरोबर फिरते की जागेवरच बसते?

ब्रेलच्या एका सेलमध्ये, म्हणजे एका चिन्हाच्या घरात, डाव्या बाजूला वरून खाली १, २, ३ आणि उजव्या बाजूला ४, ५, ६ अशी टिंबं. डिस्प्लेवर त्यांच्या खाली ७ आणि ८ ही आणखी दोन असतात, पण मराठी वाचायला सहाच लागतात. ळ म्हणजे ४-५-६, उजवी बाजू सगळी उभी. त्यातलं ६ उठलं नाही की राहतं ४-५, म्हणजे भ. हे झालं ‘बेभगाव’. ५ उठलं नाही तर ४-६, म्हणजे ख, ‘बेखगाव’. आणि ४ उठलं नाही तर ५-६, म्हणजे अनुस्वार, ‘बेंगाव’. एकाच शब्दावरून नेमकं कुठलं टिंब रुसलंय ते सांगता येतं. आपल्या गावाच्या नावाचा एवढा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता जागा बघा. ब्रेलमध्ये मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसत नाही, स्वर म्हणून पुढच्या सेलमध्ये येते. त्यामुळं ‘बेळगाव’ असं येतं: ब, ए, ळ, ग, आ, व. ळ तिसऱ्या सेलमध्ये. ‘मेळावा’तला ळ तिसरा, ‘शाळा’तला तिसरा, ‘सुळगा’तलाही तिसरा. आणि ‘येळ्ळूर’? जोडाक्षरात हलन्ताचं चिन्ह, म्हणजे ४ हे एकटं टिंब, जोडाक्षराच्या आधी येतं. म्हणून य, ए, मग ते ४, मग ळ, ळ, ऊ, र. तिसऱ्या सेलमध्ये हलन्त, ज्याला ६ लागतच नाही. दोन्ही ळ चौथ्या-पाचव्या सेलमध्ये सुखरूप.

दोष ळचा नव्हता. तिसऱ्या सेलचं सहावं टिंब उठत नव्हतं.

मग मागचं सगळं आठवलं. ओळीच्या सुरुवातीला ‘काय’ असेल तिथं मी ‘कान’ वाचत होते, कारण य मधलं ६ गेलं की न उरतो. ‘गावात’चं ‘गालात’ झालं होतं, व चा ल. त्या चुका मी लिहिणाऱ्यांच्या नावावर टाकल्या होत्या. वैनीला तर मी टाइप करताना बघून करत जा म्हणून बोललेही होते. तिची माफी मागितली.

तर पहिली तपासणी ही, आणि हिला कुठलंही सेटिंग उघडावं लागत नाही. चुकलेला शब्द एखाद्या कोऱ्या नोंदीत पहिल्या सेलपासून लिहा आणि वाचा. मग त्याच्या आधी एक स्पेस द्या, म्हणजे सगळं एका सेलनं उजवीकडं सरकेल. पुन्हा वाचा. अक्षर आता बरोबर आलं, तर दोष सेलचा. अक्षर नव्या जागीही तसंच चुकीचं आलं, तर दोष टेबलचा किंवा मूळ मजकुराचा. खात्री करायला आणखी दोन स्पेस द्या. मी बारा दिवस ज्यात घालवले ते काम दोन मिनिटांचं होतं.

ढ ची ओळ

सेलचाच दोष आहे असं दिसलं तर पूर्ण ओळ तपासायची. मराठी ब्रेलमध्ये ढ म्हणजे सहाच्या सहा टिंबं उभी. शाळेत ज्या अक्षरानं पोरांना हिणवतात तेच अक्षर इथं यंत्राची पुरी परीक्षा घेतं. २० सेलचा डिस्प्ले असेल तर स्पेस न देता २० वेळा ढ लिहा आणि बोट सावकाश डावीकडून उजवीकडं न्या. सगळीकडं सारखा भरीव ठोकळा लागला पाहिजे. जिथं खळगा लागेल तो सेल डावीकडून मोजा आणि कुठलं टिंब नाही ते लक्षात ठेवा. मग कोऱ्या ओळीवर जा. आता काहीच लागता कामा नये. जे टिंब वर राहिलं असेल ते अडकलेलं आहे. न उठणारं आणि न बसणारं हे दोन वेगळे आजार आहेत, दुरुस्तीवाल्याला सांगताना वेगळे सांगा.

हे तीनदा करा. तिन्ही वेळा तोच सेल, तेच टिंब चुकलं तर यंत्रातला दोष पक्का. एकदा हे, एकदा ते असं झालं तर बहुतेक करून बोटांचा, बॅटरीचा किंवा ओलीचा मामला असतो.

आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. आकडे वाचणाऱ्यांनी चौथ्या टिंबाची तपासणी कधीही टाळू नये. निपाणीकडच्या माझ्या मैत्रिणीच्या डिस्प्लेचं अकराव्या सेलमधलं ४ कधी उठायचं, कधी नाही. ती गटाच्या जमेची यादी वाचत होती. एका काकींच्या नावावर ४०० जमा, हिनं ५०० वाचले. काकी म्हणाल्या, “अगं मी चारशेच दिलेत की.” सगळ्यांसमोर पुन्हा वाचलं, तरी पाचशेच. घरी जाऊन दुसऱ्यांदा यादी उघडली तर ओळ वेगळ्या जागी तुटली होती आणि आकडा बरोबर आला. ती रात्रभर झोपली नाही. पैशाच्या कामात आपण डोळस माणसांपेक्षा जास्त काटेकोर असावं लागतं, ही आमच्यातल्या प्रत्येकाची धडपड असते, आणि एका टिंबानं तिला खोटं पाडलं.

हिशोब असा आहे. ब्रेलमध्ये आकड्याच्या आधी ‘आता आकडा येतोय’ असं सांगणारं अंकचिन्ह येतं. त्यानंतर ४ म्हणजे १-४-५ ही टिंबं. त्यातलं चौथं गेलं की १-५, म्हणजे ५. तसंच तीनाचा एक होतो, सहाचे दोन होतात, साताचे आठ होतात. चारही वेळा बोटाला खराखुरा आकडाच लागतो, म्हणून शंका येत नाही. नऊ आणि शून्य बिघडले तर निदान आकड्यासारखे लागत नाहीत, लगेच कळतं. सहावं टिंब गेलं तर आकडे बिघडत नाहीत, पण अंकचिन्ह ३-४-५-६ चं ३-४-५ होतं, म्हणजे आ, आणि पुढचा आकडा अक्षर होऊन बसतो. माझ्याकडं तसंही झालं होतं, पण ते निदान विचित्र वाटायचं.

म्हणून माझी सवय अशी झालीय: हिशोब वाचायला बसण्याआधी ढ ची एक ओळ, आणि मोठी रक्कम दोनदा, दुसऱ्यांदा एक स्पेस सरकवून.

टिंब का रुसतं

महागड्या डिस्प्लेमध्ये प्रत्येक टिंब एका बारीक सिरॅमिक पट्टीवर उभं असतं. तिला २०० व्होल्टच्या आसपास दाब दिला की ती वाकते आणि टिंब वर येतं. पिझो म्हणतात ते हेच. हे काम झटक्यात आणि जवळपास आवाज न करता होतं, पण एकेक सेल महाग पडतो. स्वस्त डिस्प्लेंमध्ये पट्टीऐवजी दुसरी यंत्रणा असते, जी टिंब वर ढकलते आणि तिथंच अडकवून ठेवते. फायदा असा की टिंबं दाबली तरी खाली जात नाहीत, कागदावरच्या ब्रेलपेक्षाही टणक लागतात. तोटा असा की ओळ बदलताना थोडा वेळ लागतो, चर्र आवाज होतो, आणि टिंब उठण्याच्या नेमक्या क्षणाला काही आडवं आलं तर ते अर्धवट राहतं.

ते आडवं येणारं बहुतेक वेळा आपलंच बोट असतं. माझं डावं बोट पान पुढं सरकवताना तिसऱ्या सेलवर टेकलेलं असायचं. कागदाचं ब्रेल वाचून वाढलेल्या हाताला बोट उचलायची सवय नसते, ओळ संपली की दुसरं बोट आधीच पुढच्या ओळीवर पोचलेलं. इथं तसं चालत नाही. बटण दाबा, बोट केसभर उचला, आवाज थांबला की टेकवा. मला हे अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. नुसत्या एवढ्यानं माझ्याकडची बरीचशी चूक गेली.

उरलेली पावसानं आणली. आमच्याकडं पाऊस लागला की घरात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात, खानापूर भागात तर विचारू नका. दमट हवा, बोटांचा घाम, त्यात चिरमुऱ्यांचं तेल आणि धूळ. हे सगळं मिळून टिंबांच्या बारीक भोकांत लेप बसतो. त्यावर माझं काय चालतं ते सांगते:

वाचण्याआधी हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करायचे. क्रीम लावून वाचायचं नाही. यंत्र बंद करून मऊ कोरड्या ब्रशनं, मी रंगकामाचा नवा ब्रश ठेवलाय, सेलवरून एकाच दिशेनं हलकेच फिरवायचं. मग ढ ची ओळ आणि कोरी ओळ, आलटून पालटून आठ-दहा वेळा. अर्धवट अडकलेलं टिंब यानं बरेचदा मोकळं होतं. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या.

जे करायचं नाही तेही लिहिते, कारण हे सगळं लोकांनी केलेलं ऐकलंय. सुई किंवा टाचणी घालायची नाही. सॅनिटायझर शिंपडायचं नाही. तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीत ओल असते. आणि तांदळाच्या डब्यात पुरायचं नाही. मोबाइल भिजला की घरोघरी तेच सांगतात, पण तांदळाची भुकटी या भोकांत गेली की टिंब कायमचं बसेल.

बॅटरी उतरत आली की माझ्या यंत्रात ओळीच्या शेवटच्या सेलमधली टिंबं ढिली उठतात. चार्ज केल्यावर जातं. चार्ज न करता निष्कर्ष काढू नका.

चूक अक्षराबरोबर फिरत असेल तर

आता दुसरी बाजू. स्पेस देऊनही अक्षर तसंच चुकीचं येतं, किंवा सगळी ओळच कळत नाही. इथं यंत्र निर्दोष असतं.

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार हा: मराठी मेसेज उघडला की २० सेलमध्ये उलटी तिरपी रेघ, एक्स, शून्य, नऊ आणि पुढं आणखी आकडे-अक्षरं. मग पुन्हा तिरपी रेघ, एक्स, शून्य, नऊ. कडोलीच्या एका तात्यांनी मला फोनवर हेच वाचून दाखवलं आणि विचारलं, “व्हायरस शिरलाय काय गं?” नाही शिरला. ब्रेलचं टेबल इंग्रजीचं लागलंय एवढंच. इंग्रजी टेबलला देवनागरी अक्षर माहीत नाही, म्हणून ते त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटरमधला त्या अक्षराचा ठरलेला नंबर, छापतं. ०९१५ म्हणजे क, ०९३३ म्हणजे आपला ळ. एकेका अक्षराला निदान सहा सेल लागतात, म्हणून पूर्ण डिस्प्लेवर जेमतेम दोन-तीन अक्षरं मावतात.

कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरते. त्याच्या सेटिंगमध्ये ब्रेल विभागात आउटपुट टेबल असतं, ते मराठीचं निवडायचं. लिहिण्याचं टेबल वेगळं असतं, तेही बदला, नाहीतर वाचाल मराठी आणि लिहाल इंग्रजी. फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरच्या ब्रेल सेटिंगमध्ये भाषा जोडायच्या असतात. जोडलेल्या भाषांमधून फिरायला बटणांची जुळणी असते, ती पाठ करून टाका. सीमाभागात राहून एका टेबलावर दिवस निघतच नाही.

त्याच विभागात आणखी तीन गोष्टी बघा. एक, कर्सरखालचा शब्द कॉम्प्युटर ब्रेलमध्ये उलगडून दाखवण्याची खूण. ती काढा. नाहीतर कर्सर ज्या शब्दावर असेल तेवढाच वेगळ्या नियमानं येतो, जोडाक्षरं विस्कटल्यासारखी लागतात, आणि कर्सर पुढं गेला की तोच शब्द गुणी होतो. ‘आत्ता चुकलं होतं, आता बरोबर आहे’ असं सांगणाऱ्यांना मी आधी हेच विचारते. दोन, कर्सरची उघडझाप. ती बंद करा. स्वस्त यंत्रात उघडझाप म्हणजे दर क्षणाला टिंब वर-खाली, सतत किरकिर, आणि बॅटरी दुपारीच खलास. तीन, शब्द शक्यतो न तोडण्याची सोय. ती चालू ठेवा.

या तिसऱ्या गोष्टीचं मराठीत वेगळं महत्त्व आहे. आपला ण आणि अंकचिन्ह ही दोन्ही ३-४-५-६, एकच. ‘गणित’ शब्द ग वर तुटला आणि पुढच्या ओळीची सुरुवात ण, इ, त अशी झाली, तर बोट आधी वाचतं ‘९’, कारण इ आणि ९ यांची टिंबं सारखी. ‘निपाणी’त ण नंतर ई येते, तिथं बोट नुसतं अडखळतं. यंत्राची काही चूक नाही, पण २० सेलच्या खिडकीतून वाचताना मागचं अक्षर समोर नसतं आणि फसायला होतं.

इंग्रजी-मराठी सरमिसळ हा असाच एक चकवा. बँकेच्या मेसेजात रोमन पी-आय-एन असतं, बोटाला ‘पिन’ असंच लागतं, टिंब न टिंब तेच. ‘सिम’सुद्धा. मनाला बरं वाटतं. मग ओ-टी-पी येतं आणि बोट वाचतं ‘ओतप’. रोमन बी-ए-एन-के म्हणजे ‘बअनक’. यात बिघाड शोधू नका. ओळीत अचानक अर्थहीन अक्षरं आली की ती रोमन समजून पुन्हा वाचायची.

आणि कन्नड. भारती ब्रेलनं १९५१ पासून भारतीय भाषांना एकाच चिन्हांत बांधलंय, त्यामुळं कन्नड क आणि मराठी क बोटाला एकच. मला हे फार मोठं देणं वाटतं. डोळस माणसाला इथं पाट्या वाचायला दोन लिप्या शिकाव्या लागतात, आम्हाला एक पुरते. बसस्टँडवर कुठल्या लिपीत काय लिहिलंय यावरून आजवर किती भांडणं झाली असतील, बोटांना त्यातलं काहीच माहीत नाही. पण पंचायतीचा कन्नड मेसेज मराठी समजून वाचायला घेतला तर ‘मराठी बिघडलं’ असं वाटतं. ओळखायची खूण अशी: कन्नडात ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे आहेत. घराला कन्नडात ‘मने’ म्हणतात, त्यातला शेवटचा ए ऱ्हस्व, तो येतो २-६ असा. आपला ए १-५ असतो. ओळीत शब्दांच्या शेवटी २-६ वारंवार लागलं की समजायचं, मजकूर कन्नड आहे.

मूळ मजकुरातच खोट असते तेही बघा. लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, जुन्या शाळेचं परिपत्रक, हे डीटीपीवाल्यांनी जुन्या फॉन्टात केलेलं असतं. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी असते. डिस्प्ले आतलं दाखवतो, म्हणून अशी फाइल कुठल्याही टेबलवर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून मागा. मी आता निमंत्रण मागतानाच सांगते, ‘फोटो नको, पीडीएफ नको, व्हॉट्सॲपवर टाइप करून दे’.

मेमरी कार्डावरून वाचत असाल तर एवढं लक्षात ठेवा: साध्या स्वस्त यंत्रांना टेबलच नसतं, ते तयार ब्रेल फाइल वाचतात. मराठी टेक्स्ट फाइल तशीच कार्डावर टाकली तर कचरा दिसेल. कॉम्प्युटरवर आधी मराठी टेबलनं ब्रेलमध्ये बदलून बीआरएफ करून टाका.

जोडणी तुटते त्याबद्दल थोडक्यात

फोनशी डिस्प्ले जोडताना लोक फोनच्या साध्या ब्लूटूथ यादीत जातात, तिथं ‘जोडलं’ असं येतं आणि टिंबं मात्र हलत नाहीत. जोडणी स्क्रीन रीडरच्या ब्रेल सेटिंगमधून करायची. आधीची जोडणी दोन्हीकडून विसरायला लावा आणि नव्यानं करा. यूएसबीनं लॅपटॉपला लावलेला असताना फोनशी बोलत नसेल तर वायर काढा. आणि वायर लावूनही कॉम्प्युटरला यंत्र सापडत नसेल तर वायर बदला. पुष्कळ वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जातच नाही. फोनचं बॅटरी वाचवण्याचं सेटिंगही दर काही मिनिटांनी जोडणी तोडू शकतं, त्यातून स्क्रीन रीडरला सूट द्या.

एवढी खटपट कशाला, फोन बोलतो की, असं मला घरातलेसुद्धा विचारतात. बैठकीत इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं असेल तर कानात दुसरा आवाज चालू ठेवून वाचता येत नाही. हरिपाठात सगळ्यांबरोबर म्हणताना फोनचा आवाज नको असतो. खानापूरच्या बसमध्ये पावसात खिडक्या खडखडतात तेव्हा फोन काय बोलतो ते ऐकूही येत नाही, आणि बँकेचा मेसेज चारचौघांत मोठ्यानं वाचून घ्यायचा नसतो. आणि ऱ्हस्व-दीर्घ. नुसतं ऐकून ऐकून माझं शुद्धलेखन बिघडत चाललं होतं. ‘निपाणी’तली पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ, हे बोटाला कळतं. म्हणून हे २० सेल मला हवेत, आणि त्यातलं प्रत्येक टिंब बरोबर हवं.

माझं सहावं टिंब ब्रशनं आणि बोट उचलायच्या सवयीनं दोनदा परत आलं. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा गेलं आणि ढ च्या वीस ओळी लिहूनही उठेना. मग दुरुस्तीला पाठवलं. ‘नीट चालत नाही’ एवढंच सांगितलं असतं तर पुन्हा टेबल बदलून बघा असं उत्तर आलं असतं. आधी तसं एकदा आलंही होतं. म्हणून चिठ्ठीत लिहिलं: डावीकडून तिसरा सेल, टिंब ६, उठत नाही, बसण्याची अडचण नाही. पूर्ण चार्जवर, तीन वेगळ्या दिवशी तपासलं, फोनला जोडलेलं असताना आणि सुटं असताना दोन्ही वेळा. बाकी १९ सेल ठीक. भाचीनं ढ च्या ओळीचा जवळून फोटो काढला, तोही जोडला. मेमरी कार्ड काढून घेतलं, त्यात गटाचे हिशोब होते. यंत्र आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जुन्या टॉवेलात, मग खोक्यात. तेवढ्या एका सेलचं काम होऊन ते परत आलं. तोवरचे दिवस पाटी आणि लेखणीवर काढले, उजवीकडून डावीकडं टोचत.

परत आल्यावर पहिला शब्द ‘बेळगाव’ लिहिला. मग ‘सुळगा’, ‘काय’, ‘गावात’. मग ढ ची ओळ.